देहाशी मैत्री

निवासी शाळेच्या स्मरणिकेत लिहिताना माजी विद्यार्थी बहुधा अभ्यासाविषयी लिहितात. पहाटेची वंदना, रात्रीचे पाठांतर, भोजनगृहातील रांग, दहावीचा निकाल आणि पुढे मिळालेली नोकरी. या साऱ्याविषयी कृतज्ञता वाटणे स्वाभाविक आहे, आणि माझ्याही मनात ती आहे. परंतु या संस्थेने मला दिलेल्या एका गोष्टीचा उल्लेख अशा लेखांत सहसा येत नाही. ती गोष्ट वर्गात मिळाली नाही. ती मैदानावर मिळाली, आणि तिची किंमत कळायला मला चाळिशी उलटावी लागली. आपल्या स्वतःच्या शरीराशी कसे वागावे, ही ती गोष्ट.

यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या बहुतेक घरांत शरीराचा विचार दोनच प्रसंगी होतो : ते कामाला जुंपताना आणि ते आजारी पडल्यावर. माझी आई दिग्रस तालुक्यातील आमच्या गावात मजुरीने कापूस वेचायला जाई. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की पुढचे काही महिने तिचे जग पऱ्हाटीच्या उंचीचे होऊन जाई. कमरेला ओटी बांधलेली, पाठ वाकलेली, दोन्ही हात बोंडांवर. वेचणीची मजुरी किलोवर मिळते; त्यामुळे पाठ सरळ करण्यासाठी थांबणे म्हणजे पैसे सोडणे. संध्याकाळी घरी आल्यावर ती भिंतीला पाठ टेकून बसे आणि बराच वेळ काहीच बोलत नसे. सुटीत घरी आलेल्या मुलीने अशा वेळी शाळेतील कवायतीचे कौतुक सांगितले की ती म्हणे, “दिवसभर वावरात राबतो मी माय, आता अखीन कायले हातपाय हालवू?”

या प्रश्नाकडे हसण्यावारी पाहता येणार नाही. आपल्या समाजाच्या बैठकांत अजूनही कोणी ना कोणी असे म्हणतेच की, आपली माणसे कष्टकरी आहेत, त्यांना व्यायामाची गरज काय? मला हे म्हणणे पटत नाही. निंदण, वेचणी, डोक्यावरचे सरपण, विहिरीचे पाणी यांत शरीर हलते हे खरे. पण तेच सांधे, तोच बाक, त्याच स्नायूंवर दिवसाला हजारो वेळा तोच ताण, आणि त्याची गती ठरवणारा दुसराच कोणी. दुखले तरी थांबायची मुभा नाही. विश्रांतीचा दिवस मजुरीविना जातो. व्यायामात शरीराला ताण देऊन मग त्याला सावरायला वेळ दिला जातो आणि त्या वेळातच ते बळकट होते. मजुरीत तो वेळच नसतो. आईच्या पिढीतील बायांचे गुडघे आणि कमरा पाहिल्या म्हणजे दोन्हींतील फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वसतिगृहात येण्यापूर्वी मी ज्या शाळेत होते, तिथे शारीरिक हालचालीची आणखी एक ओळख झाली होती. गृहपाठ राहिला तर उठाबशा. उशीर झाला तर मैदानाला फेऱ्या. वर्गात बोलले तर अंगठे धरून उभे राहणे. मुलांना कोंबडा करीत. त्या शाळेत हालचाल आणि शिक्षा या दोन गोष्टी जवळजवळ समानार्थी होत्या, आणि मला वाटते महाराष्ट्रातील फार मोठ्या पिढीच्या मनात त्या तशाच राहून गेल्या. धावायचे ते काहीतरी चुकले म्हणून. अशा मुलांना पुढे डॉक्टरांनी ‘रोज फिरायला जा’ असे सांगितले तर ते सक्तीच्या फेऱ्यांसारखेच ऐकू येणार. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या १७व्या कलमाने शाळांतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी आणली. पण व्यायामाचा शिक्षेसाठी वापर म्हणजे मुलाचे त्याच्या देहाशी असलेले नाते बिघडवणे, हे अनेक पालकांना आजही सांगावे लागते. उठाबशा काढायला लावल्या तर त्यात काय एवढे, असे ते म्हणतात.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. आज शहरोशहरीच्या व्यायामशाळांत ज्या यंत्रावर लोक पैसे मोजून चालतात, त्या ट्रेडमिलचा पूर्वज इंग्लंडच्या तुरुंगांत होता. विल्यम क्युबिट नावाच्या अभियंत्याने १८१८ च्या सुमारास, म्हणजे भीमा कोरेगावमुळे आपल्याला पाठ असलेल्या वर्षी, कैद्यांना तासन्‌तास राबवण्यासाठी एक पायऱ्यांचे चाक योजले. कैदी चढत राहायचे आणि कोठेच पोहोचायचे नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शिक्षा बंद झाली. यंत्र मात्र नव्या रूपात परत आले, आणि कित्येकांच्या बाबतीत शिक्षेची भावनाही त्याबरोबर आली, असे त्या यंत्रावरच्या चेहऱ्यांकडे पाहून वाटते.

आपल्या समाजाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. ज्या माणसांच्या स्पर्शाचा, काही ठिकाणी सावलीचाही, पिढ्यान्‌पिढ्या विटाळ मानला गेला, त्यांना स्वतःच्या देहाकडे प्रेमाने पाहायला कोणी शिकवले असेल? राबवून घेण्यापुरता तो देह चालत असे. जवळ बसायला, पाणी प्यायला चालत नसे. पाळवणकर बाळू हे चर्मकार कुटुंबात जन्मलेले थोर गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची राखण करता करता त्यांनी गोलंदाजी कसून तयार केली. पुढे हिंदू संघाकडून खेळताना मैदानावर चेंडू त्यांच्या हातचा चाले, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांच्याविषयी वाचताना मला विक्रमापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटत आले आहे : अशा वागणुकीनंतरही या माणसाने चेंडू हातात घेण्याचा आनंद गमावला नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याकडे बाबासाहेबांच्या मागून चालत गेलेल्या हजारो लोकांनी जे केले, तेही अखेर देहानेच केले. ते चालले, पायऱ्या उतरले, ओंजळीने पाणी प्याले.

वसतिगृहात आले तेव्हा मी अंगाने स्थूल आणि धावण्यात सर्वांत मागे होते. मैदानाच्या तासाला पोटात गोळा येई. आमच्या क्रीडाशिक्षिका ताई मूळच्या अमरावतीकडच्या. तिथले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती, हे त्या फार अभिमानाने सांगत. पण मैदानावर त्यांचा भर प्रात्यक्षिकांवर नव्हता. त्यांनी कोणाही मुलीचे वजन कधी मोठ्याने वाचून दाखवले नाही. शर्यतीत शेवटी येणारीची वाट पाहत त्या रेषेवर उभ्या राहत आणि ती पोहोचल्यावरच शिट्टी वाजवीत. ‘लवकर ये’ असे त्यांनी कधी ओरडून म्हटल्याचे मला आठवत नाही.

त्यांनी मला लेझीम दिली. लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि चकत्यांचा तो खुळखुळाट. लेझीमीत कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. हलगीचा ठेका सापडला की जाड-बारीक सर्वांची पावले सारखी पडतात. अर्ध्या तासाने घामाने निथळलेली मी ओसरीवर बसले, तेव्हा आपण ‘व्यायाम’ केला हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. पुढे खो-खोत आले. या खेळातील एक नियम मला आजही अतिशय शहाणपणाचा वाटतो. पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की मध्येच वळायचे नाही. पण दम लागला किंवा डाव साधेना, तर बसलेल्या सोबतिणीच्या पाठीमागून खो द्यायचा आणि तिच्या जागी बसून श्वास घ्यायचा. थांबणे हा त्या खेळात पराभव नसतो. ते खेळाच्या रचनेतच आहे, आणि ज्या संघाच्या मुली वेळेवर खो देत नाहीत तो संघ हमखास हरतो.

वयात आल्यावर गावाकडच्या माझ्या मैत्रिणींचे खेळणे बंद झाले. ‘आता मोठी झालीस’ एवढेच कारण त्यांना सांगण्यात आले. आमच्या ताईंनी मासिक पाळीच्या दिवसांत खेळायचे की नाही, हा निर्णय ज्या त्या मुलीवर सोडला होता. बरे वाटत असेल तर खेळ, नसेल तर झाडाखाली बसून गुण मोज. त्या वयात आपल्या शरीराचे म्हणणे आपणच ऐकायचे असते आणि ते ऐकण्यालायक असते, ही गोष्ट मला यापेक्षा सोप्या रीतीने कोणी शिकवू शकले नसते.

रविवारच्या वंदनेनंतर गुरुजी धम्मकथा सांगत. त्यांपैकी सोण कोळिविसाची कथा मी अनेकदा आठवली आहे. ती विनयपिटकाच्या महावग्गात येते. चंपा नगरीच्या धनाढ्य घरातला हा तरुण इतक्या सुखात वाढलेला की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते. प्रव्रज्या घेतल्यावर त्याने राजगृहाजवळच्या सीतवनात असे कठोर चंक्रमण मांडले की, त्याचे पाय फुटून चालण्याची वाट रक्ताने माखली. इतके करूनही चित्त मुक्त होईना. तेव्हा घरी परत जावे, धन भोगावे आणि दानपुण्य करावे, असा विचार त्याच्या मनात आला. भगवंत त्याच्याकडे आले. सोण गृहस्थाश्रमात वीणा उत्तम वाजवीत असे, म्हणून त्यांनी त्याला वीणेविषयीच विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? फार सैल सोडल्या तर वाजते का? दोन्हींचे उत्तर नकारार्थी आले, आणि सोणला जे समजायचे ते समजले.

वीणेचा दृष्टांत सर्वांना ठाऊक असतो. कथेचा पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. सोणचे पाय नाजूक आहेत हे पाहून भगवंतांनी त्याला एका पदराची वहाण वापरायची परवानगी दिली. सोणने ती एकट्यासाठी नाकारली. एवढी संपत्ती सोडून आलेला माणूस आता वहाणेत अडकला, असे लोक म्हणतील, संघाला परवानगी असेल तर मीही वापरीन, असे त्याचे म्हणणे होते. मग भगवंतांनी ती सर्व भिक्षूंना दिली. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. साधकाचे पाय रक्ताळले आहेत, आणि तथागत त्याला आणखी सोसायला सांगत नाहीत, पायात काहीतरी घालायला सांगतात. ज्यांनी स्वतः उरुवेलेत सहा वर्षे देह झिजवून पाहिला, पोटाला हात लावला तर पाठीचा कणा लागेल इतके उपाशी राहून पाहिले, आणि तो मार्ग नव्हे असे ठरवून सुजाताची खीर स्वीकारली, त्यांनी हे सांगावे याला वेगळेच वजन आहे.

चालणे त्यांनी वर्ज्य केले नाही. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवास सोसण्याची ताकद येते, प्रयत्न करण्याची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना लाभलेली समाधी दीर्घकाळ टिकते. बुद्धगयेला गेलेल्यांनी महाबोधी विहाराच्या उत्तरेचा रत्नचंक्रम पाहिला असेल. भगवंत तिथे चालत होते अशी श्रद्धा आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवंतांकडे आला, ती गोष्टही याच वळणाची. त्याला कोणी खादाड म्हणून हिणवले नाही, उपवासही सांगितला नाही. मोजून खाणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि त्याचे आयुष्य सावकाश जिरते, अशा आशयाची एक गाथा त्याला ऐकवण्यात आली. सुदस्सन नावाच्या तरुणाने राजाच्या जेवणाच्या वेळी ती म्हणायची, एवढीच व्यवस्था झाली, आणि राजा हळूहळू नाळीभर भातावर आला. मग स्वतःच्या हलक्या झालेल्या अंगावरून हात फिरवीत त्याने समाधानाचे उद्गार काढले. कोणा राजाने आपल्या देहावरून असा प्रेमाने हात फिरवल्याचे वर्णन मी अन्यत्र वाचलेले नाही.

हे सांगितल्यावर एक नाजूक विषय टाळता येत नाही. दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास अनेक वसतिगृहांत आणि महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांच्या ज्ञानसाधनेला ते अभिवादन असते, आणि त्यामागची भावना निर्मळ असते यात शंका नाही. परंतु बाबासाहेबांच्या देहाने त्या साधनेची काय किंमत मोजली, हे त्याच दिवशी मुलांना सांगितले जाते काय? संविधानाचे काम चालले असताना ते मधुमेहाने आणि पायांच्या तीव्र दुखण्याने त्रस्त होते. १५ एप्रिल १९४८ ला डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आपल्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि पुढची वर्षे त्यांनी बाबासाहेबांच्या प्रकृतीची जबाबदारी सांभाळली. तरीही वयाच्या पासष्टाव्या वर्षी, धम्मदीक्षेनंतर दोन महिनेही झाले नसताना, आपण त्यांना गमावले. त्यांच्यावर काळाची सक्ती होती. आपल्या मुलांवर ती नाही, आणि नसावी यासाठीच तर ते झिजले. अठरा तासांच्या उपक्रमात दर दोन तासांनी पंधरा मिनिटे मैदान ठेवले, तर अभिवादनात काही उणे पडेल असे मला वाटत नाही.

माझ्या रक्तात साखर आढळली तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी भात तोडायला सांगितला, कोणी पहाटे पळायला सांगितले, कोणी ‘आधी आणि नंतर’ अशी छायाचित्रे पाठवली. रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, असेही कोणी बजावले. हा आकडा कोठून आला हे कळल्यावर मला हसू आले. १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक उपकरण विक्रीस आले. त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. आकडा जाहिरातीचा, आणि लोक त्याच्यापुढे अपराधी होऊन उभे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना पाहिल्या तर त्या पुष्कळ दयाळू आहेत. प्रौढांनी आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, मुलांनी दिवसाला सरासरी तासभर. पण त्याहून कमी झाली तरी ती वाया जात नाही. पूर्वी निदान सलग दहा मिनिटांची अट असे, तीही आता नाही. मध्यम श्रम म्हणजे काय, तर चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. यवतमाळच्या बाया चालताना बोलतातच, तेव्हा त्या मापाची आपल्याकडे सोय आहे.

आम्ही पाच जणी चालतो. उन्हाळ्यात जिल्ह्याचा पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, त्यामुळे पहाटे पाचला. पावसाळ्यात चिखल वाचवीत. हिवाळ्यात मात्र ऊन अंगावर घेत सावकाश. रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे अंगणातच, कारण जेवणानंतरच्या चालण्याने साखर आवरते. एखादे दिवशी नाही जमले तर दुसऱ्या दिवशी दुप्पट चालायचे नाही, असा आमचा ठराव आहे. दंड भरायला लागले की ती पुन्हा फेऱ्यांची शाळा झाली. कोणाचा गुडघा दुखत असला तर सगळ्या तिच्या गतीने चालतात. माझी साखर आटोक्यात आहे. वजन फारसे उतरलेले नाही, आणि दोन वर्षांपासून मी ते महिन्यातून एकदाच पाहते. झोप लागते, जिना चढताना दम लागत नाही, आणि सकाळी उठताना पायांना कोठे जायचे ते ठाऊक असते.

मेत्ता भावनेचा आरंभ स्वतःपासून होतो, हे या संस्थेत आपण सर्व जण शिकलो. मी सुखी होवो, मी निरोगी होवो, असे डोळे मिटून म्हणताना आम्ही मुली बहुधा मनाचाच विचार करीत असू. ज्या गुडघ्यांवर आपण बसलो आहोत तेही त्या ‘मी’त येतात, हे पुढे चालता चालता उमगत गेले.

आई आता सत्तरीच्या पुढे आहे आणि माझ्याकडे राहते. ‘व्यायाम’ हा शब्द तिच्यापुढे मी काढत नाही. संध्याकाळी लेझीम काढली की ती खाटेवरून पाहते. मागच्या हिवाळ्यात एकदा तिने ती मागून घेतली, बसल्या बसल्या दोन-तीन वेळा वाजवली, आणि म्हणाली, “हे बरं हाये वं. हेच्यात कोनाचं काम नाई होत.” तिच्या अख्ख्या आयुष्यात तिच्या हातांनी केलेली, कोणाच्याही कामाची नसलेली, ही बहुधा पहिलीच हालचाल असावी.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. रविवारी मुलांना भेटायला आलेल्या आया ओसरीवर बसून असतात आणि मुले मैदानावर असतात. त्या वेळात तासभर मैदान आयांना द्यावे. लेझीमीच्या जोड्या भांडारात आहेतच. खो-खोचे खांब जुने झाले असले तरी मजबूत आहेत. निंबाच्या झाडाकडच्या बाजूला पावसाने मुरूम वाहून गेला आहे आणि खडे वर आले आहेत. अनवाणी पायांना ते लागतील. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी ते वेचून घेता येतील. आम्ही पाचही जणी टोपल्या घेऊन येऊ.